बोलत राहा, आत्याबाई

माझ्या सासूचा गळा मी रोज दाबत असे. अंगणात, भर उजेडात, दारावरून माणसं येत-जात असताना. आज हे लिहिताना हसू येतं. तेव्हा येत नव्हतं, कारण हसायलासुद्धा अंगात जीव लागतो आणि तो माझ्यात उरला नव्हता. त्या दिवसांचं मला जे आठवतं ते थकव्यासकटच आठवतं. आधी खांदे दुखू लागतात आणि मग गोष्ट आठवते.

माझं माहेर जुन्या जालन्याचं. वडील दाणेबाजारात एका अडतीवर मुनीम होते आणि मी चौथीपर्यंत शिकले होते. निजामाच्या राज्यात मुलीला एवढं शिकवलं म्हणजे बापाने पोर डोक्यावर चढवून ठेवली, असं लोक म्हणत. मग मला केदारखेड्याला शेतकरी घरात दिली. घरात माणसं तीनच: मालक, मी आणि सासू. सासूला मी आत्याबाई म्हणायची, तिकडे तशीच पद्धत. त्या ऐन तरुणपणी विधवा झालेल्या. भावकीशी भांडून जमीन राखली, एकुलता मुलगा वाढवला. अशा बाईची जीभ मऊ कशी राहील? चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे असं म्हणतात. आमच्या घरी सगळेच दिवस सासूचे होते. मला त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. मी त्यांच्या लेखी 'जालन्याची'. जालन्याचीला भाकरी थापता येत नाही, जालन्याचीला शेण नको वाटतं, जालन्याचीच्या पदरात अजून लेकरू नाही. ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

त्या उन्हाळ्यात पेव उघडायचं होतं. जमिनीखालच्या त्या खड्ड्यात ज्वारी ठेवलेली, तोंडावर फरशी, फरशीवर माती. पेव उघडताना आत्याबाई जातीने हजर असत, कारण ज्वारीच्या बाबतीत त्यांचा पोटच्या पोरावरही विश्वास नव्हता. मालकांनी माती ओढली, फरशी बाजूला सारली आणि सांगितलं की आतली वाफ जाऊ द्या, लांब राहा. आत्याबाई कुणाचं ऐकणाऱ्या नव्हत्या. ज्वारीला वास लागलाय का ते बघायला वाकल्या, त्यांना भोवळ आली आणि त्या त्याच फरशीच्या कडेवर आदळल्या. कपाळाची डावी बाजू फुटली आणि उजवं मनगट अंगाखाली सापडून मोडलं.

कपाळ हळदीने भरून आलं. मनगट हाडवैद्याने कामट्या बांधून बसवलं, पण ते वाकडंच जुळलं. त्या हाताने त्यांना धड तांब्याही उचलता येईना. उजवा हात गेला म्हणजे घरातलं होतं नव्हतं ते सगळं काम माझ्या दोन हातांवर आलं. एवढ्यावर निभावलं असतं तरी मी देवाला नारळ फोडला असता.

एके दिवशी सकाळी त्या म्हणाल्या, "जालन्याचे, त्या लोहाराला सांग, भाता बंद कर म्हणावं. सकाळपासून हुश्श हुश्श लावलंय मेल्यानं."

लोहाराचं घर आमच्या कुडाला लागूनच होतं. मी गेले. लोहार ओट्यावर बसून तंबाखू मळत होता आणि भट्टी गार होती. परत येऊन सांगितलं तर आत्याबाईंनी मलाच खोटं ठरवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठवलं. तिसऱ्यांदा गेले तेव्हा लोहाराची बायको कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आमचा धंदा बंद पाडायचा इचार हाय का तुमच्या सासूचा?" तिथून जी अढी बसली ती बसलीच. भाता चालू असो वा नसो, आत्याबाईंना तो ऐकू येतच होता. जेवताना, बोलताना, डोळा मिटला तरी.

मला त्याचा उलगडा झाला तो त्यांच्या केसांना तेल लावताना. एका हाताने त्यांना वेणी जमत नव्हती, म्हणून ते कामही माझंच. मागे बसून मी त्यांचं डोकं माझ्याकडे कलतं केलं, माझा कान त्यांच्या डाव्या कानशिलाला टेकला आणि मला आत भाता ऐकू आला. हुश्श, हुश्श, नाडीच्या ठोक्यासरशी. दुसऱ्याच्या डोक्यातला आवाज आपल्या कानाला ऐकू यावा, हे मी कधी ऐकलं नव्हतं. तेलाची वाटी माझ्या हातून सांडली. त्यावरून मला बोलणी बसली ती वेगळीच, पण त्या बोलण्याकडे माझं लक्ष नव्हतं.

मग डोळा सुरू झाला. डावा डोळा आधी लाल झाला, मग सुजला, मग पुढे येऊ लागला. पापणी पुरती मिटेना. नीट बघितलं तर बुबुळ नाडीबरोबर हलताना दिसे. त्यांना एकाची दोन माणसं दिसू लागली. "जालन्याची एक व्हती ती कमी पडली म्हणून आता दोन-दोन दिसून राह्यल्या," हे त्यांचंच बोलणं. ज्याने जे सांगितलं ते केलं. बाळंतिणीचं दूध घातलं, दृष्ट काढली, पाला बांधला. पावसाळा लागलेला, गाडीवाट चिखलात गेलेली, पूर्णा नदीला पूर. पाऊस उघडेपर्यंत आम्ही नुसते बघत बसलो. झोप अशी त्यांना नव्हतीच, आणि त्यांना नाही म्हणजे मलाही नाही.

भादवा सरता सरता मालकांनी गाडी जुंपली आणि आम्ही जालन्याच्या दवाखान्यात गेलो. तिथले डॉक्टरसाहेब हैदराबादेत शिकलेले, उंच, सावकाश बोलणारे. त्यांची बोली निम्मी मराठी, निम्मी दखनी. त्यांनी आत्याबाईंच्या मिटत नसलेल्या पापणीवर छाती तपासायच्या नळीचं टोक ठेवलं आणि बराच वेळ ऐकलं. मग त्यांच्या मानेच्या डाव्या बाजूला, नरड्याच्या कडेला, दोन बोटं दाबली.

आत्याबाईंचा चेहरा एकदम सैल पडला. मी त्यांचा असा चेहरा कधी पाहिला नव्हता.

"थांबलं," त्या म्हणाल्या. "आवं, थांबलं की."

डॉक्टरांनी बोटं काढली आणि आवाज परत आला. तेव्हा ह्या बाईने, परपुरुषासमोर पदर कधी कपाळावरून ढळू न देणाऱ्या बाईने, डॉक्टरांचं मनगट डाव्या हाताने धरलं आणि परत आपल्या मानेवर नेलं. सोडेनात. मालकांनी तो हात सोडवला. शरमेने त्यांची मान खाली गेली होती. मला मात्र शरम वाटली नाही. ह्या बाईच्या जिवाला केवढा जाच चालला होता, ते मला तिथे पहिल्यांदा कळलं.

डॉक्टरांनी मालकांना समजावलं. "खेती करते ना? मोट का पाट होता है. पाट फुटा, और पानी बाजू के नाले में घुसा. अब नाला फुगेगा के नहीं?" मालकांनी मान हलवली. डोळ्यामागे तसंच झालं होतं. मेंदूकडे जाणारी जोराच्या रक्ताची नस पडण्याच्या मारानं आतल्या आत फुटली होती, शेजारच्या मंद रक्ताच्या नसांत तिचं तोंड उघडलं होतं. त्या नसा फुगल्या, त्यांनी डोळा पुढे ढकलला. भाता म्हणजे त्या रक्ताचाच आवाज. असंच चालू राहिलं तर डोळा जाणार. हैदराबादेत मोठे डॉक्टर ती नस मानेतच बांधून टाकतात, म्हणजे पाटाला वरूनच बांध. पण एकदम बांधली तर मेंदूचं पाणी तुटायचं, एक अंग लुळं पडायचं, वाचा जायची, माणूसही जायचं. म्हणून आधी रोज थोडी थोडी दाबायची. मेंदूला दुसऱ्या वाटांनी रक्त घ्यायची सवय लागते. आणि कधी कधी, नशीब असलं तर, दाबता दाबताच आत गुठळी धरते आणि फुटलेली जागा बुजते. हिवाळा संपेपर्यंत बघू, नाही तर हैदराबाद.

"आपल्याच हातानं दाबायची रीत आहे," ते म्हणाले. "ह्या बाजूची नस, त्या बाजूचा हात. चक्कर आली की हात आपोआप खाली पडतो." पण आत्याबाईंचा तो हात म्हणजे नेमका मोडका उजवा. मालकांनी एकदा दाबून पाहिलं. आईच्या गळ्याला हात घालणं त्यांना जमेना, ते बाहेर जाऊन उभे राहिले. उरले कोण? मी.

डॉक्टरांनी मला शिकवलं. मागे बसायचं, ठोका शोधायचा, नरड्याला धक्का न लावता मागच्या हाडावर दाबायचं, दुसऱ्या बाजूला चुकूनही हात लावायचा नाही. किती वेळ, ते त्यांनी घड्याळावर दाखवलं. आमच्या घरी घड्याळ नव्हतं. मी तो वेळ भाकरीवर मोजून त्यांना सांगितला: पहिल्या आठवड्यात तव्यावर एक अंग होईपर्यंत, मग दोन्ही अंगं, मग ती निखाऱ्यावर फुगेपर्यंत. डॉक्टर हसले आणि म्हणाले, बराबर.

शेवटी त्यांनी सगळ्यात महत्त्वाचं सांगितलं. "ये बडी बी, तुमची सासू, बोलती रहना. सारा वखत. हाताची ताकद बघायची खूण असती, पण हात तर गेलेला. अब जबानच खूण. जीभ जड पडली, शब्द अडकला, की फौरन छोड देना."

तर असं आमचं सुरू झालं. दळण झालं की एकदा, पाणी भरून आले की एकदा, शेतावर भाकरी पोचवून आले की एकदा, असं दिवस मावळेपर्यंत. मी ओट्यावर बसायची, त्या खालच्या पायरीवर, माझ्याकडे पाठ करून. मी ठोका शोधून दाबायची आणि म्हणायची, "बोला, आत्याबाई."

आणि त्या बोलत. काय बोलणार? जे त्यांना येत होतं तेच. माझी भाकरी कशी जाड, माझं पाऊल कसं आपटतं, लग्नात माझ्या बापाने दिलेला हंडा कसा पातळ पत्र्याचा, माझ्या आईने पाहुण्यांच्या पंगतीत तूप कसं हात आखडून वाढलं. सगळी उणीदुणी. माझ्या दोन बोटांखाली त्यांचा जीव, आणि त्या माझ्या आईबापाचा उद्धार करताहेत. आणि मी? मी कान देऊन ऐकायची. शब्द स्वच्छ येतोय का, 'हंडा' म्हणताना जीभ अडखळत तर नाही ना. शिवी जितकी खणखणीत तितकं मला हायसं वाटायचं. सासूने घालून पाडून बोलावं आणि सुनेने मनात देवाचे आभार मानावे, असं दुसरं घर पंचक्रोशीत नसेल.

लोहाराच्या बायकोला कुडावरून आमचं अंगण दिसायचं. तिने जे दिसलं ते सांगितलं: सून मागून सासूचा गळा आवळते आणि म्हातारी तिला शिव्या घालते. त्यात खोटं काय होतं? चार दिवसांत गावभर झालं. नदीवर बायका माझ्यापासून लांब धुणं धुऊ लागल्या. पाटलाने मालकांना चावडीवर बोलावून विचारलं. मालकांनी पाट आणि नाला सगळं सांगितलं. पाटील म्हणाला, "आरं, डोळ्याला दुखनं आन् दवा गळ्याला? येडा समजतो काय मला?"

आणि आत्याबाई? त्यांना बायका विचारायला येत, "खरंच दाबती का हो?" त्या म्हणत, "दाबती तर." एवढंच. पुढचं एक अक्षर सांगत नसत. मला त्यांचा असा राग आला होता की तवा उचलून विहिरीत टाकावा आणि जालन्याला पायी निघून जावं. पण पायी जायलाही अंगात त्राण लागतं.

कार्तिक सरता सरता शिव्या आटल्या. माणसाकडे गाऱ्हाणी असून असून किती असणार? मग त्या शेतांची नावं घेऊ लागल्या, मग जनावरांची, मेलेल्या बैलांचीही. मग एक दिवस त्या मधेच थांबल्या.

"बोला," मी म्हणाले.

"न्हाई बोलत."

मी हात काढला. त्या तशाच वळल्या. सुजलेला डोळा आणि धड डोळा, दोन्हींना पाणी आलेलं.

"तुला कळत न्हाई काय गं? दिवसभर डोक्यात भाता चालू हाय. तू हात लावती तेवढंच थांबतंय. आन् तेवढ्या वखतात बी मलाच बोलावं लागतं. माझाच आवाज ऐकू मी? मला काहीच ऐकायचं न्हाई. जरा गप बसू दे. एवढंच मागून राह्यले."

ह्या बाईने माझ्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. फक्त फर्मावलं होतं. शांतता मलाही हवी होती. त्या गप्प राहिल्या असत्या तर मीही तेवढा वेळ भिंतीला डोकं टेकलं असतं. पण गप्प राहिल्या तर आत काय चाललंय ते मला कसं कळणार? त्या शांत बसल्यात की माझ्या बोटांखाली मेल्यात, हे मागून दिसत नाही.

"न्हाई," मी म्हणाले. "बोलत राहा, आत्याबाई. न्हाई तर मी दाबणार न्हाई."

"कसाई हायस तू."

"असू दे. बोला."

त्या बोलल्या. नाइलाजाने, रडत-कढत. त्यानंतर मात्र त्या माझ्याविषयी बोलेनाशा झाल्या. आपल्या सासूविषयी बोलल्या, जिने त्यांना बाळंतपणाच्या दहाव्या दिवशी जात्याला बसवलं. माझा सासरा पटकीने गेला तेव्हा गाव ओस पडलं होतं आणि रडायला सोबतीला बाई नव्हती, ते सांगितलं. मी मागून ऐकायची. समोरासमोर बसून त्यांनी मला हे कधी सांगितलं नसतं. ऐकताना मला वाईट वाटायचं, आणि वाईट वाटता वाटता डोळ्यांवर झापड यायची, आणि मी दचकून बोटं सैल करायची. "आणखी जरा," त्या म्हणायच्या, "आणखी थोडं दाबून धर." मी धरत नसे. भाकरी फुगली की हात काढायचा, म्हणजे काढायचा.

पौषात डोळा होता तसाच होता. मालकांनी हैदराबादेला न्यायची तयारी धरली. आत्याबाईंनी स्वतःच सांगून टाकलं, "बांधून टाका ती नस. मेले तर मेले, येक अंग गेलं तर जाऊ द्या. पर हे थांबू द्या." मालक आतल्या घरात जाऊन रडले. मला रडायला सवड नव्हती. माझ्या मनात एकच घोळायचं: ह्या जायच्याच असतील तर हैदराबादेत जाऊ देत, माझ्या बोटांखाली नको. हे प्रेम होतं की भीती, ते मी तेव्हा ठरवू शकले नाही. आजही ठरवत नाही.

माघात एका दुपारी त्या पायरीवर बसल्या. मालक शेतात होते, हरभरा उपटणं चाललं होतं. मी ठोका धरला, दाबलं. त्या आपल्या माहेरच्या चिंचेविषयी बोलत होत्या. चिंच आंबट होती, पण त्यांचा भाऊ तीच खायचा, आणि एकदा तो फांदीवर चढला आणि...

आणि थांबल्या.

"मंग?" मी म्हणाले. उत्तर नाही. "आत्याबाई, बोला." नाही. मी झटक्यात हात काढला. पुढे येऊन बघितलं. डोळे उघडे, तोंड जरासं उघडं, नजर कुठेच नाही. "बोला. शिव्या घाला. जालन्याची म्हणा." मी त्यांचे खांदे धरून गदगदा हलवलं. ओठ हलले नाहीत. मी माझ्या सासूच्या गालावर चपराक मारली. चांगली जोरात, आवाज होईल अशी.

लोहाराची बायको त्याच वेळी कुडावरून डोकावत होती. तिने बोंब ठोकली. बघता बघता गल्लीतल्या बायका अंगणात. "मारलं! म्हातारीला मारलं हिनं!"

आत्याबाईंनी डावा हात वर केला. मान जरा कलती करून त्या कान देऊन ऐकू लागल्या.

"ऐकू येईना," त्या म्हणाल्या.

"बहिरी केली!" कुणीतरी म्हणालं.

मी गुडघ्यांवर बसले, त्यांचं डोकं ओढून घेतलं आणि त्यांच्या डाव्या कानशिलाला कान लावला. माझ्याच छातीचे ठोके मला ऐकू येत होते, म्हणून श्वास धरला, पुन्हा ऐकलं. आत काही नव्हतं. माझी बोटं त्यांच्या गळ्यावर नव्हती, आणि तरी आत काही नव्हतं.

"मेली बया, सुनेचा मार खाऊन गप बसली," लोहाराची बायको म्हणाली.

आत्याबाईंनी गाल चोळला आणि तिच्याकडे बघितलं. "मारलं तर मारलं," त्या म्हणाल्या. "माझ्या सुनेनं मारलं, तुझ्या न्हाई. निघा समद्या हितून. गलका करू नका."

बायका पांगल्या. बोलता बोलता आत काहीतरी मिटल्यासारखं झालं आणि आपण तेच ऐकत राहिलो, हे त्यांनी मला मागाहून सांगितलं. आम्ही दोघी बसून राहिलो. मी त्यांना बोलायला सांगितलं नाही.

लगेच सुटका झाली असं नाही. पुढचे काही दिवस डोळा आणखीच लाल झाला, सूज वाढली, आणि आम्ही पुन्हा घाबरलो. गाडी जुंपून जालन्याला गेलो. सगळ्या वाटेत मी त्यांच्या कानशिलाला कान लावून बघत होते आणि त्या मला ढकलत होत्या. डॉक्टरांनी पापणीवर नळी ठेवली, मग कानशिलावर, मग पुन्हा पापणीवर. "बंद हो गया," ते म्हणाले. गुठळी धरली होती, फुटलेली जागा बुजली होती. आतल्या नसा हळूहळू बसतील, तोवर डोळा असा रागावलेला दिसेल, घाबरायचं नाही. हैदराबादेला जायचं कारण नाही. नजर मात्र गेली तेवढी गेली, जी राहिली ती राहील. तसंच झालं. डोळा हळूहळू जागेवर गेला, पण त्या डोळ्याला पुढे आयुष्यभर सगळं धुरातून दिसावं तसं दिसलं. दवाखान्याच्या ओट्यावर मालक हसत होते, आत्याबाई हसत होत्या. मी एका खांबाला टेकून उभी होते. आनंद झालाय हे मला कळत होतं, पण तो अंगापर्यंत पोचत नव्हता.

घरी परतलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शेतावर भाकरी देऊन आले आणि सवयीने हात पुसत ओट्यावर जाऊन बसले. आत्याबाई पायरीवर नव्हत्या. त्या चुलीपाशी होत्या.

"कशाला बसलीस थितं?" त्या म्हणाल्या. "झालं आता ते."

खरंच, झालं होतं. जरा पाठ टेकावी म्हणून मी ओसरीत आडवी झाले. त्या घरात आल्यापासून मी दिवसाढवळ्या कधी आडवी झाले नव्हते. सून दिवसा झोपली तर ज्वारी सडते, असं आत्याबाईंचंच म्हणणं. मी झोपले ती मेल्यासारखी.

जाग आली तेव्हा अंगावर एक गोधडी होती. ऊन उतरलेलं. मालक शेतातून येत होते, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज अंगणात शिरला, आणि त्यांनी नेहमीसारखी मोठ्याने मला हाक मारली.

"हळू," आत्याबाईंचा आवाज आला, दबका. "बैलं तिकडच्या अंगाला बांध. झोपून राह्यली ती. कुनी उठवू नका तिला."

"आन् भाकरी?"

"मी टाकते की. डावा हात हाय ना मला."

मग एका हाताने भाकरी थापल्याचा आवाज येऊ लागला. अडखळत, मधेच थांबत, पुन्हा सुरू होत. त्या भाकऱ्या माझ्या भाकऱ्यांपेक्षा जाड झाल्या असणार. मला रडू येत होतं, आणि रडण्याचा आवाज होऊ नये म्हणून मी गोधडीचं टोक तोंडात धरलं होतं. मी जागी झालेय हे मी त्यांना कळू दिलं नाही. दिवे लागेपर्यंत मी तशीच पडून राहिले.